तीन माणसांचं घर

१

सहल ठरवली बुवाने, घर शोधलं डॉक्टरीणबाईंनी आणि ऐन वेळी घोळ घातला मी. आमच्यात कामाची वाटणी नेहमी अशीच असते.

बुवा म्हणजे माझ्या वर्गातला. लग्नाबिग्नाचा पत्ता नाही, पण तोंड उघडलं की प्रवचन, म्हणून बुवा. डॉक्टरीण मातीवर संशोधन करते. पदवी अजून कुठच्या कुठे आहे, पण आम्ही उदार मनाने ती आधीच देऊन टाकली आहे. मी घरं बांधायचं शास्त्र शिकते. परक्या देशात येऊन तिघांनाही बरेच दिवस झाले होते. परीक्षा संपली, डोकं भणभणलं होतं, तेव्हा तळ्याकाठच्या एका गावी रात्रीपुरतं जाऊन यायचं ठरलं. गाडी भाड्याची, घर भाड्याचं, उत्साह तेवढा स्वतःचा.

निघायच्या आदल्या दिवशी मी बारकीच्या खोलीवर गेले. बारकी माझी मावसबहीण, मावशीचं शेंडेफळ, नुकतीच पहिल्या वर्षाला आलेली. पाहते तर बाईसाहेब खिडकीशी बसून हमसून हमसून रडतायत. घरची आठवण. मावशीने निरोप देताना माझा हात धरून म्हटलं होतं, "हिला तुझ्या ओटीत घातलीय गं. मला रात्री झोप लागली पाहिजे." अशा वेळी माणूस काय करणार? मी म्हटलं, "ऊठ, तोंड धू, कपडे भर. तू येतेयस आमच्याबरोबर."

डॉक्टरीण भडकलीच. "अगं ते घर तिघांचं आहे. मालकीणबाईंनी स्पष्ट लिहिलंय, तीन म्हणजे तीन. चौथ्या माणसाला मनाई."

"मोजायला कोण बसलंय?" बुवा म्हणाला. "एवढीशी तर आहे. कोटाच्या खिशात मावेल."

आणि खरंच, विद्यार्थ्यांनी भरलेल्या कुठल्या घरात लिहिलं होतं तेवढीच माणसं झोपली आहेत आजवर?

२

पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. वाटेत बारकीला गाडी लागली होती. तिला ती लागतेच, गल्लीच्या टोकापर्यंत नेलं तरी लागते. पिशव्या संपल्या, बुवाचं प्रवचन संपलं, तरी हिचं संपेना. घर दिसल्यावर तिला मागच्या सीटवर आडवं केलं आणि वर आमचे कोट टाकले.

घरमालकीण समोरच्याच घरात राहायची. उंच, हाडकुळी, केस घट्ट बांधलेले. किल्ली देताना तिने आमच्याकडे एकेक करून पाहिलं.

"तिघंच ना?"

"तिघंच," मी म्हटलं.

"नक्की ना? तिघंच म्हणतात लोक," ती म्हणाली आणि पुढे काहीतरी बोलणार होती, पण तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

तिने घर दाखवलं. खाली स्वयंपाकघर आणि बसायची खोली, मधे चिंचोळा बोळ, बोळातून वर जाणारा उभा लाकडी जिना. पाइपांतून गरम पाणी फिरत होतं, त्याची टकटक भिंतीतून ऐकू येत होती. जिन्याखाली एक बुटकं दार होतं, बाहेरून कडी. "इथे जास्तीच्या रजया आहेत," ती म्हणाली. "लागल्या तर काढा. पण कडी लावून टाका. उघडं राहिलं की घरात गारवा येतो."

ती गेल्यावर बुवाने बारकीला मागच्या दाराने आत आणलं, चोरीचा माल आणावा तसं. आम्ही पोट धरधरून हसलो. बारकीसुद्धा हसली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कितीतरी दिवसांनी हसली पोर. मला वाटलं, चला, आणली ते बरंच झालं.

३

सकाळी टेबलावर चहा, पाव आणि उकडलेली अंडी मांडून बसलो होतो. डॉक्टरीण आंघोळीला गेली होती. बुवाने सहज खिडकीतून पाहिलं आणि त्याच्या हातातला पाव तसाच राहिला.

"आली!"

"कोण?"

"अगं मालकीण! रस्ता ओलांडतेय!"

झाली पळापळ. वर जायला वेळ नव्हता, जिन्याच्या पायऱ्या करकरायच्या. मी बारकीला धरून बोळात नेलं, बुटक्या दाराची कडी काढली. आत रजयांची चळत, धुळीचा वास. तिचा फोन मी काढून घेतला, मावशीचा फोन यायचा आणि सगळंच मुसळ केरात जायचं.

"जा आत. आणि हे बघ, मी हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही. मी. दुसऱ्या कुणी काहीही म्हटलं तरी नाही. कळलं?"

"हो ताई." ती गुडघ्यांवर रांगत आत शिरली. रजयांमागून तिचा आवाज आला, थोडा लांबून. "ताई, इथे बरीच जागा आहे गं!"

"शू!" मी कडी लावली.

हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. जिना उतरता, खालची जागा निमुळती. रजया ठेवल्यावर तिथे मांजर नीट बसलं नसतं. पण दारावर थाप पडली होती.

मालकीणबाई आत येऊन चक्क खुर्ची ओढून बसल्या. पाइप तपासायचा आहे म्हणाल्या, पण पाइपाकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलावरचे कप पाहिले. "चार कप?"

"याला दोन लागतात," मी बुवाकडे बोट केलं. बुवाने इमानदारीत दोन्ही कपांतून एकेक घोट घेतला.

माझा जीव टांगणीला लागला होता, कारण बारकीला धुळीचं वावडं. नुसतं जुनं पुस्तक उघडलं तरी शिंकांची माळ लागते. बाई हवेबद्दल बोलत होत्या, तळ्याबद्दल बोलत होत्या, मी हं हं करत होते आणि सगळा कान त्या बुटक्या दाराकडे. एकही शिंक आली नाही. मनात म्हटलं, शहाणी गं माझी बाई.

शेवटी बाई उठल्या. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, तोंडभर हसले, रस्ता ओलांडेपर्यंत उभी राहिले. मागे घरातून बुवाचा आवाज आला, "गेली एकदाची! चला, या बाहेर!"

मी आत आले तर बारकी टेबलाशी बसून पाव खात होती.

"कडी कुणी काढली?"

"मी नाही," बुवा म्हणाला. "मी बूट घालत होतो. डॉक्टरणीने काढली असेल." डॉक्टरीण वरून डोकं पुसत पुसत उतरत होती. तिने मान हलवली. मी बोळात जाऊन पाहिलं. कडी लागलेली होती.

"मी हाक मारली नव्हती तुला," मी बारकीला म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, घास गिळला. "हाक आली," ती म्हणाली.

अशा जुन्या कड्या दार आपटलं की आपोआप पडतात, हे मला ठाऊक आहे. बुवाने काढली असणार आणि विसरला असणार, तो कुठला बूट कुठल्या पायात घालायचा हेही विसरतो. मी सामान भरायला घेतलं. किल्ली ठरल्या जागी ठेवली आणि आम्ही निघालो.

४

तळ्याला वळसा घालणारा रस्ता म्हणजे नुसती वळणं. मी पिशव्या हाताशी ठेवून बसले होते. एक वळण झालं, दुसरं झालं, डॉक्टरणीचासुद्धा चेहरा उतरला, पण बारकी सरळ समोर पाहत बसली होती. हात मांडीवर, गळ्याशी पिवळा मफलर.

"बरं वाटतंय ना गं?"

"हो ताई."

"खाऊन घेतलं की असं होतं," बुवा म्हणाला. "रिकाम्या पोटी प्रवास म्हणजे..." पुढे प्रवचन.

टेकडीवर एक जुना मनोरा होता. लोक वर जात होते, वारा खात होते, फोटो काढत होते. आम्हीही काढले. एरवी बारकीच्या तोंडाची टकळी चालू असते, हे काय, ते काय, इथे कोण राहायचं, त्याला थंडी नाही का वाजायची. आज गप्प. डॉक्टरीण म्हणाली, "रुळली हं पोरगी. बघ कशी निवांत आहे." मीही मान डोलावली. रडत नाही, ओकत नाही, बडबडत नाही, अशी बहीण मिळाल्याबद्दल कुणी तक्रार करतं का? पण माझा पाय एका जागी ठरत नव्हता. मी दर थोड्या वेळाने वळून तिला पाहत होते, आणि दर वेळी ती आधीपासून माझ्याकडे पाहत असायची.

तेवढ्यात माझ्या पर्समधला तिचा फोन वाजला. मावशी. मी तो बारकीसमोर धरला. तिने फोन दोन्ही हातांनी घेतला, ऊन ऊन काहीतरी असल्यासारखा जपून.

"हो," ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. "जेवले. नाही, रडत नाही. हो... आई?" हा शब्द तिने सावकाश उच्चारला. "मला हाक मार ना." पलीकडून मावशी काहीतरी लाडाचं बोलली असावी, कारण हिने डोळे मिटले. "परत मार ना. अजून एकदा."

मग फोन माझ्याकडे आला. मावशीचा आवाज आनंदाने भरून आला होता. "काय जादू केलीस गं? रोज फोन केला की नुसती मुळूमुळू रडते. आज किती गोड बोलली! आज मी झोपेन बाई शांत."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी फोन तिला परत न देता पर्समध्येच ठेवला.

५

उतरताना पायऱ्या निसरड्या होत्या, म्हणून मी तिचा हात धरला. तिने माझा असा काही आवळला की बोटं कळवळली. खाली आल्यावर मी हात सोडवू पाहिला, तर सोडेना. हळूच हसली फक्त.

मी स्वतःला समजावलं. झोप कमी झाली आहे. परीक्षेचा ताण आहे. मग गाडीकडे चालता चालता अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बारके, मामाच्या घरच्या बोक्याचं काय झालं गं शेवटी?"

"तू सांग," ती म्हणाली.

"मला आठवत नाही, म्हणून तर विचारतेय."

"तू सांग ना ताई. मला ऐकायचंय."

थकली असेल, मी म्हटलं. बोक्याची आठवण कोण ठेवतं? पण बारकी ठेवते. बोक्याची, बोक्याच्या पिल्लांची, पिल्लं कुणाकुणाला दिली त्यांची. गाडीशी पोचल्यावर मी तिचा स्वेटर झटकायच्या निमित्ताने तिच्या पाठीवरून हात फिरवला. रजयांमधून रांगत गेलेल्या मुलीच्या स्वेटरवर धुळीचा कण नव्हता. आणि आख्ख्या सकाळभरात एक शिंक नाही.

गाडी निघाली आणि मला दुसरंच काही आठवलं. गेल्या महिन्यात मी बारकीला म्हटलं होतं, मी येईपर्यंत वाचनालयाच्या दारात थांब. माझा वर्ग लांबला. वाचनालय बंद झालं, दिवे गेले, वर पावसाची भुरभुर. मी धावत गेले तर ही तिथेच, भिंतीला चिकटून उभी. रखवालदार आत बस म्हणत होता तरी हलली नव्हती. का, तर ताईने सांगितलं होतं.

आणि आज मी सांगितलं होतं, मी हाक मारल्याशिवाय नाही. दुसऱ्या कुणी काहीही म्हटलं तरी नाही.

हाक बुवाने मारली होती.

"गाडी वळव," मी म्हटलं.

"का?"

"माझा चार्जर राहिला तिथे."

"अगं माझा घे ना! चार्जरसाठी एवढं अंतर..."

"बुवा, गाडी वळव म्हटलं ना!" मी ओरडलेच. दोघं माझ्याकडे बघत राहिले. माझ्याशेजारी बसलेलीने मात्र खिडकीकडे तोंड फिरवलं. परतीच्या रस्त्यावर ती पहिल्यांदाच माझ्याकडे पाहत नव्हती.

६

घराचं दार उघडं होतं. मालकीणबाई चादरी काढत होत्या. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही.

"विसरलं ना काही? जा, घेऊन या. लवकर करा, पुढची माणसं यायची आहेत."

"किती जण?" मी का विचारलं कोण जाणे.

"तिघं," त्या म्हणाल्या आणि चादरींचा गठ्ठा उचलून समोरच्या घरी निघून गेल्या.

बोळात अंधूक होतं. पाइपांची टकटक थांबली होती. मी बुटक्या दारासमोर उभी राहिले आणि मला हसू यायला लागलं, भीतीने येतं तसं. बारकी बाहेर गाडीत बसली आहे. मी इथे रजयांना हाका मारणार. बुवाला कळलं तर जन्मभर ऐकवेल. आतून उत्तर आलं नाही तर मी वेडी. आणि आलं तर?

मी कडी काढली. दार उघडलं. रजयांची चळत, अंधार, गारवा.

"बारके," मी म्हटलं. "बारके, मी ताई. ये बाहेर."

काही नाही. मग लांबून, त्या जिन्याखाली जेवढी जागा असूच शकत नाही तेवढ्या लांबून, एक शिंक आली. दाबलेली. आणि तिच्यामागून दुसरी.

"गेली का गं ती बाई?" बारकीचा आवाज रडवेला होता. "किती वेळ लावलास! मी किती घाबरले माहितीये? इथे सगळे..."

"बोलू नकोस. ये. मागे बघू नकोस, माझ्याकडे बघ, ये."

मी आत हात घातला. रजया बाजूला सरकल्या. धुळीने माखलेला, ओला, ऊबदार हात माझ्या हातात आला आणि मी जीव खाऊन ओढला. ती माझ्या अंगावर येऊन पडली. तिच्या खांद्यावरून, दार लोटायच्या आधी, माझी नजर आत गेली.

ते बसले होते. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, ओळीने, अंधार जिथवर जात होता तिथवर. काही मोठे, काही लहान. सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. माझा आवाज ऐकून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या, आणि तो आपल्यासाठी नाही हे कळल्यावर एकेक करून पुन्हा खाली जात होत्या.

"ताई."

हा आवाज माझ्या पाठीमागून आला. गाडीतली बोळात येऊन उभी होती. मी बारकीचा चेहरा छातीशी घट्ट धरून ठेवला. दिवसभर मला जो पिवळा मफलर वाटत होता तो मफलर नव्हता, रजईची फाटकी किनार होती. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. मला पाहवलं नाही.

"मला वाटलं, तू येणार नाहीस परत," ती म्हणाली. "कुणी येत नाही."

मी बारकीला आणखी जवळ ओढलं.

"आज मला आईने हाक मारली." तिचा आवाज अगदी साधा होता. "तीनदा मारली."

मग ती माझ्या अंगाला न लागता पुढे आली, खाली बसली आणि रांगत आत गेली. रजया पुन्हा जागेवर आल्या. आतून ती म्हणाली, "दार तू लाव. आतून लागत नाही."

मला तिची दया आली. फार आली. तिला कोण विसरून गेलं असेल, कुणाची असेल ती, सगळं एका क्षणात मनात आलं. पण भीती त्याहून मोठी होती आणि माझ्या कुशीत माझी बहीण थरथरत होती. मी दार लोटलं आणि कडी घातली.

७

बुवाने आम्हा दोघींना येताना पाहिलं आणि गाडी सुरू केली. "मिळाला चार्जर? हिला काय झालं? एवढ्यात कुठे लोळून आली?"

"पडली," मी म्हटलं.

पहिल्याच वळणावर बारकी भडाभडा ओकली. निम्मं पिशवीत, निम्मं माझ्या मांडीवर. डॉक्टरणीने नाक धरलं, बुवाने देवाचा धावा केला. मी तिची पाठ चोळत होते आणि आनंदाने रडत होते. ओकून झाल्यावर ती शिंकायला लागली, शिंकून झाल्यावर मला बोल लावायला. एवढा वेळ काय करत होतीस, विसरलीस मला, आता आईला सांगते. सांग बाई, म्हटलं, सगळं सांग.

तिने फोन लावला. मावशीचा आवाज आला मात्र, हिचा बांध फुटला. आई गं, मला नाही राहायचं इथे, मला घरी यायचंय. एका दमात तेच तेच, हुंदक्यांवर हुंदके.

मावशी म्हणाली, आणि ते गाडीत सगळ्यांना ऐकू आलं, "अगं, दुपारी किती गोड बोलत होतीस! हाक मार, हाक मार म्हणून कसा हट्ट करत होतीस. आता परत हे काय रडगाणं?"

बारकीने डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. "दुपारी? दुपारी मी कुठे बोलले?"

मी तिच्या हातातून फोन घेतला. "मावशी, गाडी लागलीय तिला. जरा बरं वाटू दे."

"बरं बरं," मावशी म्हणाली. "पण उद्या दुपारसारखीच बोल म्हणावं. मी वाट बघतेय."